बेचाळीसचा दगड

“सांगतो ते तुम्हाला खरं वाटणार नाही. माझ्या बायकोला अजून वाटत नाही,” असं म्हणून उस्तादांनी खडू खाली ठेवला.

वर्गात तीस ट्रकचालक होते. जागं ठेवणारी गोळी खाऊन गाडी हाकताना पकडले गेलेले. परवाना परत हवा तर दोन दिवस इथे बसणं भाग होतं. मागच्या बाकावर परिवहन कार्यालयाच्या निरीक्षक बाई मांडीवर फॉर्म घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आज सही केली तर उस्ताद इथे शिकवायला कायम होणार होते. नाही केली तर घरी. गुडघे गेल्यामुळे स्टिअरिंग केव्हाच सुटलं होतं. तिसरी वाट नव्हती.

उस्तादांनी ठेवणीतली गोष्ट काढली. वीस वर्षांपूर्वीची. डोंगराखालचा रस्ता तेव्हा कोरा करकरीत, भर दुपारची वेळ. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, पोटात चार गोळ्या. आणि बघतात तर समोर साक्षात सासूबाई. दोन्ही हात वर करून थांब, थांब म्हणताहेत.

“ब्रेक मारलात ना?” पुढच्या बाकावरच्या जाड्याने विचारलं. त्याला सगळे टँकर म्हणत.

“आधी विचार केला.”

वर्ग खदखदून हसला. टँकर म्हणाला, गोळी खाल्ली की त्याला मालक दिसतो, आणि तो तर वेगच वाढवतो.

सासूबाईंना चुकवायला उस्तादांनी गाडी कडेला घातली, ती थेट मैलाच्या दगडावर. दगड आडवा, सासूबाई गायब. त्या तर तेव्हा आपल्या घरी घोरत पडल्या होत्या. बंपरला फासलेला पांढरा रंग उस्ताद तीन दिवस रॉकेलने पुसत होते. तेव्हापासून गोळीला हात नाही. दगडावर निभावलं, पोरांनो, दरवेळी दगडच असतो असं नाही, एवढं बोलून ते थांबले. हे वाक्य ते नेहमी हळू आवाजात म्हणत.

टाळ्या पडल्या. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. सही करण्याआधी त्यांनी एकच विचारलं, दगडावर आकडा कोणता होता.

उस्ताद खुलले. गोष्टीत आकडा असला की ती पायावर उभी राहते, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

“बेचाळीस. अजून डोळ्यांसमोर आहे.”

बाईंनी टोपण परत लावलं.

“त्या रस्त्याचे दगड माझे बाबा रंगवून रोवायचे,” त्या म्हणाल्या. “तिथे एक्केचाळीसनंतर एकदम त्रेचाळीस आहे, उस्ताद. बेचाळीस कधी रोवलाच गेला नाही. तो आमच्या दारात आहे. वीस वर्षांपूर्वी ज्या टेम्पोतून बाबांचा देह घरी आणला, त्यातूनच तो आला. रंग ओला होता.”