आईचा प्रसंग

चिपळूणच्या वत्सला खातूंच्या पत्राला कर्णिक सरांनी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. ‘शलाका सुट्टीला आली आणि तिने माझ्याकडे बघून बाबांना विचारलं, या काकू कोण? सर, तिथे शिकवता तरी काय?’ मायलेकींचं भांडण असेल, आपण कशाला बोला, म्हणून ते गप्प राहिले.

आठवणींतून पडद्यावरचे प्रसंग बनवणारं वर्गातलं यंत्र आठवणीची फक्त नक्कल घेतं, मूळ आठवण माणसाकडेच राहते, असं ते मालिकालेखनाच्या प्रत्येक नव्या तुकडीला सांगत. सुट्टीआधी शलाकाने यंत्राला दिलेल्या आठवणींचा प्रसंग आज पडद्यावर आला. तापाने फणफणलेल्या मुलीला मांडीवर घेऊन आई पेज भरवत होती. सगळा वर्ग रडला.

“ही तुझीच आई ना गं?” सरांनी विचारलं.

“माझी? मला आई कुठंय, सर? बाबांनीच वाढवलं मला.”

सरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“पुढच्या सोमवारी बाबांचा प्रसंग देते. रुमाल आणा!”

“नको देऊस.”

“वा! या प्रसंगावर वर्गात पहिली आलेय मी!”

वर्ग सुटताच सरांनी टपाल कचेरीत उभ्याउभ्याच वत्सलाबाईंना लिहिलं, ‘चूक माझी आहे. सोमवारच्या आत तिच्या वडिलांना पाठवा. त्यांना ती अजून ओळखते.’ आणि पाकीट पेटीत टाकलं.