इंग्रजी यात्रेकरूचं मावंदं

“मंग घरी कवा आला त्यो?” गोजरबाईनं विचारलं.

बद्रीनाथ मास्तरानं नुकतंच पुस्तक मिटलं होतं. आठ दिवस दुपारच्या वेळी तीर्थपुरीच्या काकासाहेबांच्या ओसरीवर बायका बियाण्याच्या शेंगा फोडत बसायच्या आणि तो त्यांना एका इंग्रजी यात्रेकरूची गोष्ट सांगायचा. आधी ओळ इंग्रजीत, मग तिचा अर्थ मराठीत. पोथी लावतात तशी. पहिल्याच दिवशी गोजरबाईनं पुठ्ठ्याला हळदकुंकू लावून टाकलं होतं. साहेबाची असली तरी पोथी ती पोथी. आज समाप्ती होती. आत शिरा होत आला होता.

“घरी न्हाई आला,” मास्तर म्हणाला. “डोंगरावरच्या उजेडाच्या नगरीत पोचला. वेशीवर त्याला नवी वस्त्रं दिली, वाजतगाजत आत नेलं. हितं संपली गोष्ट.”

शेंगा फोडायच्या थांबल्या.

“संपली म्हंजे? अन् बायको?”

“ती गावातच.”

“लेकरं?”

“ती बी.”

“अन् मावंदं कुनी घातलं?”

काशी करून आलेल्यानं गंगेचं पाणी घरी आणावं, भाऊबंदांना मावंद्याची पंगत द्यावी, तेव्हा कुठं यात्रा पुरी होते, हे मास्तरालाही ठाऊक होतं. जालन्याला पाद्र्यांच्या शाळेत त्यानं हे पुस्तक तीनदा वाचलं होतं. एकदाही हा सवाल मनात आला नव्हता.

“त्यांच्यात मावंदं नसतंय.”

“मंग यात्रा कशाची? घर सोडून पळाला म्हन की, बाबा.”

“आवं, बायकोच तशी आसंल,” सोनूबाई म्हणाली. दोघीतिघी हसल्या. मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं आणि हसू विरलं.

चौकटीला टेकून दुर्गाबाई बसली होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिचा नवरा भुजंग, काकासाहेबांचा थोरला भाऊ, पायी काशीला गेला होता. चैत्रात बारा वर्षं भरली. बारा वर्षांत माणूस परतला नाही तर पळसाच्या देठांचा त्याच्या उंचीचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, अग्नी द्यायचा आणि बायकोनं कुंकू पुसायचं, अशी रीत. भावाचा जीव मोकळा व्हावा म्हणून काकासाहेबांनी भटजींना दोनदा बोलावलं. दुर्गाबाईनं दोन्ही वेळा त्यांना दारातून परत पाठवलं. यात्रेला गेलेला माणूस येतोच, उशीर होतो, एवढंच तिचं म्हणणं.

आठ दिवसांत ती एक शब्द बोलली नव्हती. आता बोलली.

“मास्तर, त्याला वाटंत चोरांनी आडवलं का?”

“आडवलं, पर सुटला त्यो, काकू.”

“पटकी झाली?”

“न्हाई.”

“मागची वाट बुजली?”

“वाट हाये तशीच हाये.”

“मंग येत का न्हाई?”

मास्तरानं काकासाहेबांकडे पाहिलं. ते बाजेवर बसून जमिनीकडे बघत होते. एक शब्द खोटा घालणं अवघड नव्हतं. पण आठ दिवस त्यानं पुस्तकात नसलेलं काही सांगितलं नव्हतं.

“त्याला यायचंच न्हाई, काकू.”

“सुखात हाये थितं?”

“लई सुखात.”

“घरची सय येती का?”

मास्तरानं पुस्तक पुन्हा उघडलं. शेवटचं पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिथं दिवे होते, गाणी होती, पांढरीशुभ्र वस्त्रं होती.

“तसं लिवलेलं न्हाई,” तो म्हणाला.

दुर्गाबाईच्या ओंजळीतल्या शेंगा खाली सांडल्या. तिनं त्या उचलल्या नाहीत.

“बारा वर्सं मी त्यायला पटकीत बघितलं,” ती म्हणाली. “चोराच्या तावडीत बघितलं. गंगंत बुडताना बघितलं. पोचले आसतील, हे मातर एकदा बी मनात आलं न्हाई.”

“आगं, साहेबाची गोष्ट हाये ती!” गोजरबाई ओरडली. “मास्तर, सांगा की तिला!”

मास्तरानं पुस्तक मिटलं.

“भावजी,” दुर्गाबाई म्हणाली, “उद्या भटजीला बोलवा.”

काकासाहेब ताडकन उठले. हेच ऐकायला ते चैत्रापासून थांबले होते. पण त्यांचा चेहरा पार उतरला.

“काय बोलून राह्यल्या, वैनी? घाई काय हाये? भादव्यातल्या पितरपाटापर्यंत थांबू.”

“बिलकुल न्हाई. उद्याच.”

“आवं, दादा जिता आसंल तर? जित्या मान्साला आग दिल्याचं पाप लागंल आपल्याला.”

“जितेच हायेत,” दुर्गाबाई म्हणाली.

आत शिरा करपल्याचा वास सुटला. तिकडे कोणी गेलं नाही.

दुर्गाबाई उठली आणि चौकटीत उभी राहिली.

“पुतळा केवढा, म्हनून भटजी इचारतील,” ती म्हणाली. तिनं तळहात आडवा धरून डोक्याच्या वर नेला. तिथं तो जरा वेळ धरला. मग चार बोटं खाली आणला. “एवढेच व्हते,” ती म्हणाली.