रिकाम्या खोलीचा आवाज

यंदा कापसाले भाव नाई म्हणून आमी तो घरातच भरला, पार आढ्यापर्यंत. त्याच खोलीत मी माहा जुना कम्प्युटर अन् माइक मांडला, कारण कापूस सारा आवाज गिळते. शहरातले लोक यासाठी भिंतीले गाद्या ठोकतात, मले फुकटात स्टुडिओ भेटला. गाणं भरायच्या आधी पंखा बंद करायचा, फोन बाहीर ठेवायचा अन् मांगून गाण्यातली खरखर काढाले जराशी नुसती रिकामी खोली रेकॉर्ड करायची, एवढंच तंत्र मले येते.

त्या दुपारी आमची पाच वर्साची पायल दिसेनाशी झाली. माणसं राळेगावच्या ष्टँडापर्यंत पाहून आले. मंग कोणीतरी विहिरीत गळ सोडला.

"अहो, तो कम्प्युटर तरी बंद करा," ममता मले म्हणे. "पोरगी सापडून नाई राह्यली अन् तुमचं आपलं चालूच हाय."

बंद कराले गेलो तं माइक खरंच चालू होता. हेडफोन कानाले लावला, तं आत कोणीतरी श्वास घेऊन राह्यलं होतं. माहाच असन म्हणून मी दम रोखला. तरी तो येतच होता. हेडफोन काढला, तं खोली मुकी.

कापसाचा ढीग एका बाजूनं ढासळला होता. सकाळी तसा नव्हता. मी माइक तिकडे नेला.



श्वास मोठा झाला.