हरणीची खुशाली

सुकन्याचा फोन आला तेव्हा आबासाहेब दवाखान्यात जायलाच निघाले होते. चप्पल पायात होती.

"आबा, आई गेली," लेक म्हणाली.

ते दारातच उभे राहिले. सुकन्या अंघोळीला घरी येणार होती. तेवढा तासभर कडूबाईजवळ ते एकटेच बसणार होते. तिला एक गोष्ट सांगायची होती.

मागच्या रविवारी दुपारी तिघं टीव्ही बघत होते. युद्धकैद्यांच्या छावणीचा सिनेमा लागला होता. आबासाहेब स्वतः एकाहत्तरच्या लढाईत पकडले गेले होते. वर्षभर पाकिस्तानात कैदेत होते.

"एवढी जाड घोंगडी आमाला कुठली," ते म्हणाले.

मग सिनेमातला कैदी बायकोला पत्र लिहू लागला.

"बघा, ह्यो बायकोला लिवतोय," कडूबाई म्हणाली. "कैदेतनं तुमचं कार्ड यायचं ते मामंजींच्या नावानं. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आन् हरणी गाय कशी हाय. दर कार्डात गाय. मी आपली दाराआड उभी."

सुकन्याला हसू आलं. "आबा, आईपेक्षा गाय लाडकी व्हय?"

"गाय दूध देत हुती की," कडूबाई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. चहा व्हायला त्या दिवशी बराच वेळ लागला.

पन्नास वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. आबासाहेबांना तिथंच उत्तर द्यायचं होतं, पण लेकीसमोर लाज वाटली. बुधवारी कडूबाईच्या छातीत दुखलं. दवाखान्यात सारखं कुणी ना कुणी कॉटजवळ असायचं.

लढाई लागली तेव्हा लग्नाला आठ महिने झाले होते. वडिलांना वाचता येत नव्हतं. कार्ड गुरुजी ओट्यावर मोठ्यानं वाचायचे, आळीतली माणसं ऐकायची. त्यात बायकोचं नाव लिहायची रीत नव्हती. पण हरणीची धार कडूबाई काढायची. दुसऱ्या कुणाला ती गाय कासेला हात लावू द्यायची नाही. गाय कशी आहे हे कळवायचं, तर वडिलांना सुनेलाच विचारावं लागणार होतं.

उत्तर यायचं, 'हरणी बरी आहे. चारा खाते. वाट बघते.'

अक्षर गुरुजींचं असायचं. बराकीत आबासाहेब बाकीचं पत्र एकदा वाचायचे, आणि तेवढी ओळ रोज.

हे कडूबाईला सांगायचं राहिलं.