पाचशे तेरा नंबर

"बारा वाजेपर्यंत थांबतो," भगवंतराव म्हणाले. "तोवर जीव राहू देतो त्याचा."

सूतगिरणीच्या या मालकाचा पोरगा रमाकांत काल कापसाच्या गोदामात विळ्यानं कापला गेला होता. गोदामाचं दार कामगारांनी आपापला नंबर दाबल्याशिवाय उघडत नसे. शेवटचा नंबर निघाला पाचशे तेरा, म्हणजे तुळशीरामचा. आता तो शेजारच्या खोलीत खांबाला बांधलेला होता आणि दोघं जण मशीनच्या चामडी पट्ट्यानं त्याला सोलून काढत होते.

गिरणीचा कॉम्प्युटरवाला नीळकंठ तेवढा आडवा गेला होता. मशीन आकड्याचे दोन भाग करतं, दोनशे छप्पनचे गठ्ठे किती आणि वर सुटे किती; दारावरचं जुनं मशीन गठ्ठे आधी लिहितं, ऑफिसातलं नवं मशीन सुटे आधी वाचतं, असं त्याचं म्हणणं. नंबर वाचणारा सी भाषेतला छोटासा प्रोग्राम मागच्याच आठवड्यात नव्या मशीनवर आणलेला. तिथं हे दोन भाग उलटे झाले असतील तर एक गरीब माणूस फुकट मरेल.

रमाकांत काही गुणाचा नव्हता. बायांच्या खात्यात त्याचं कोणतं काम राहे, ते साऱ्या गिरणीला ठाऊक होतं. नीळकंठची बहीण वासंती त्याच खात्यात होती. बरं झालं, आज ती तापानं घरीच होती. हे सारं तिला पाहवलं नसतं.

"नीळूभाऊ, नीट पाह्यजो बापा," भिंतीपलीकडून तुळशीराम ओरडला. पुन्हा पट्टा वाजला.

दहा वाजता नीळकंठनं प्रोग्रामातल्या दोन ओळी बदलल्या. प्रिंटरवर एक कागद काढला, पाहिला, घडी करून खिशात घातला. झालं काय, असं भगवंतरावांनी विचारलं. अजून चुकते, थोडा वेळ द्या, असं तो म्हणाला.

मग तो ओळी खोडत राहिला, पुन्हा लिहीत राहिला. डोळे वाहत होते. पलीकडे तुळशीरामचा हात मोडला, थोड्या वेळानं दुसरा. नीळकंठनं आणखी एक ओळ खोडली.

बाराच्या ठोक्याला भगवंतरावांनी कुऱ्हाड उचलली. तुळशीरामला दारात ओढत आणलं. तोंडाचा पार चेंदा झाला होता, पण नीळकंठ दिसल्यावर त्याला धीर आला.

"सांग नीळूभाऊ या लोकायले," तो म्हणाला.

नीळकंठनं खिशावर हात ठेवला.

"नंबर बराबर हाय," तो म्हणाला. "शंका माहीच चुकली. पाचशे तेराच."

कुऱ्हाड तीनदा पडली. तुळशीराम शेवटपर्यंत त्याच्याचकडे पाहत होता.

नीळकंठ घरी आला तेव्हा वासंती चुलीपाशी अंगावर गोधडी घेऊन बसली होती.

"तुळशीरामभाऊले सोडलं ना रे दादा?"

त्यानं खिशातला कागद काढून चुलीत टाकला. तो पेटायच्या आत त्यावरची ओळ दोघांनीही वाचली: दोनशे अठ्ठावन्न, वासंती.