न चढलेली भूल

"तंबाखू, सिगारेट काही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा तुळशीराम खुर्चीत आडवे झाले होते आणि त्यांच्या पत्नी सिंधूताई उशाशी उभ्या होत्या. "छे! थोरल्या भावाच्या तेराव्यालाच सोडली. अकरा वर्षं झाली," ते बायकोकडे न बघता म्हणाले.

दाढेच्या रूट कॅनलसाठी भुलीचं इंजेक्शन दिलं. पण काम सुरू होताच मस्तकापर्यंत कळ गेली आणि तुळशीराम ओरडले. दुसरं इंजेक्शन झालं, तरी तेच. "खरं सांगा काका," डॉक्टरीणबाई हात थांबवून म्हणाल्या, "तंबाखू खाणाऱ्यांना कधी कधी भूल नीट चढत नाही. लपवलंत तर त्रास तुम्हालाच."

तुळशीरामांनी पुन्हा नकारार्थी मान हलवली.

"खातात हो ते," सिंधूताई हळूच म्हणाल्या. "रोज. स्कूटरच्या डिकीत पुडी असते. अकरा वर्षं बघतेय."

"मग बोलली का नाहीस?" त्यांचा आवाज चिरकला.

"सुटली म्हणून चारचौघांत इतक्या अभिमानानं सांगायचात. कसं बोलणार? वाटलं, आज ना उद्या खरंच सोडाल."

डॉक्टरीणबाईंनी भूल वाढवली. या वेळी जबडा, ओठ, जीभ, सगळं बधिर झालं. दाढ दुखायची थांबली, आणि बायकोला मारलेली एकेक थाप आठवू लागली. "चुकलो गं," त्यांना म्हणायचं होतं. तोंडातून नुसती लाळ गळली. सिंधूताईंनी ती पदरानं पुसली.