उद्या मोहने

"मोहन्याच्या शाळा वर्षभर लख्ख, मॅडम," कल्याणचा प्रीतम म्हणाला. "अचानक भेटीच्या तारखा ताईंना स्वप्नात दिसतात बहुतेक."

बैठक हसली, जरा जास्तच. पुढच्या वर्षाच्या नियोजनासाठी शाळांवर देखरेख करणारे सगळे केंद्रप्रमुख ठाण्याच्या कार्यालयात जमले होते. शिक्षणाधिकारी आसावरी मॅडम मात्र हसल्या नाहीत. तारखा माझ्या कपाटात असतात आणि किल्ली नयनकडे, त्या म्हणाल्या. फुटत असतील तर चौकशी लावावी लागेल.

कलावतीताईंच्या हातातला चहा तसाच निवला. मोहन्याकडच्या शाळा त्यांच्याकडे होत्या, आणि नयन, मॅडमचा लिपिक, त्यांच्या सख्ख्या भावाचा मुलगा. भाऊ गेल्यावर ताईंनीच त्याला शिकवून मार्गी लावलेला.

महिन्यातून एकदा तरी त्याचा फोन यायचा. "आत्या, उद्या मोहने. माझं नाव नको घेऊ."

मग ताईंचा पदर खोचला जायचा. मुलींच्या संडासाला कडी, टाकीला पाणी, खिचडीत डाळ, फळ्यावर आजचा दिनांक. दुसऱ्या दिवशी अख्खी शाळा गेटकडे डोळे लावून बसायची, नि मॅडम काही यायच्या नाहीत. बेत बदलला गं, नयन सांगायचा. ताई त्याला मेल्या म्हणायच्या, मुडद्या म्हणायच्या, आणि पुढच्या फोनला पुन्हा पदर खोचायच्या. न जाणो, या खेपेला आल्या तर?

वर्ष सरलं, मॅडम एकदाही आल्या नाहीत. पण चौकशी आली तर पोराची नोकरी जाणार होती. आणि घरात त्याच्या बायकोला दिवस गेलेले.

जेवणाच्या सुट्टीत ताई मॅडमच्या केबिनमध्ये शिरल्या. नयन कोपऱ्यात फायली लावत होता. आत्याचा चेहरा बघूनच त्याने मानेने नको नको केलं. ताईंनी तिकडे पाहिलंच नाही.

"नोकरी घ्यायची तर माझी घ्या, मॅडम," त्या उभ्यानेच म्हणाल्या. "तारखा मीच विचारायचे. तो नको म्हणायचा, मी शपथ घालायचे. आत्याला किती वेळा नाही म्हणेल पोर?"

उभ्या जन्मात त्यांनी त्याला एक तारीख विचारली नव्हती. पण बोलताना आवाज जराही हलला नाही.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग त्या नयनकडे वळल्या.

"तरी मी तुला सांगत होते," त्या म्हणाल्या, "बाकीच्या सगळ्या केंद्रांना तू कर फोन, फक्त आत्याला दुसऱ्या कुणाकडून करवू."